भावंडांत वाढतं म्हणजे नेमकं काय?

‘तिसरं मूल भावंडांतच वाढतं, त्याचं वेगळं काही करावं लागत नाही’ हे तीन मुलांच्या संगोपनावरच्या एका लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. आमच्याकडे सहा, चार आणि दीड वर्षांची तिघं आहेत. मोठीच्या खेळण्यांचे बारीक तुकडे धाकटीच्या तोंडात जातात. ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असं खोक्यावर छापलेलं असतं, पण फरशी तिघांची एकच! शेवटी आम्ही उलटा मार्ग काढला. धाकटीसाठी आणलेल्या जाळीच्या कुंपणात आता मोठी ठोकळे घेऊन बसते आणि धाकटी बाहेर मोकळी फिरते. (मोठीला हे फार आवडलंय, तिला स्वतःची खोली मिळाल्यासारखं वाटतं.)

आणि ‘मोठ्यावर धाकट्यांची जबाबदारी टाका’ हा त्याच लेखातला सल्ला तर मुळीच पटला नाही. लंगोट आणून देणं वेगळं, न्हाणीघरात बाळावर लक्ष ठेवणं वेगळं. ते सहा वर्षांच्या पोरीचं काम नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलर यांनी धाकटं भावंड आल्यावर पहिल्या मुलाची अवस्था पदच्युत राजासारखी असते असं मांडलं होतं. आमच्या राणीसाहेब तर दोनदा पदच्युत झाल्या! दुसऱ्या खेपेला ती पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली. ओरडून काही फरक पडला नाही. रोज रात्री धाकटी दोघं झोपल्यावर पंधरा मिनिटं फक्त तिच्याशेजारी लोळायला लागलो, तेव्हा हळूहळू थांबलं. त्या पंधरा मिनिटांत बहुतेक वेळा आधी मलाच झोप लागते, ते सोडा.