सावली नको होती

तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, आमचा लाकडी नंदी, वीतभर उंच, आजोबांच्या हातचा. पुण्याच्या दादाला त्याचा फोटो हवा होता, मोठा करून भिंतीवर लावायला. मोबाइलने काढला तर नंदीपेक्षा सावलीच दांडगी. म्हटलं, लाइट बॉक्स, म्हणजे बिनसावलीचे फोटो काढायचा खोका, घरीच करू. महिना मे, त्यात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. बाकी तुम्ही समजून घ्या.

मिक्सरच्या खोक्याला दोन बाजूंनी खिडक्या कापल्या आणि बटर पेपर डकवला. दिवा कागदाच्या बाहेर ठेवायचा. मग उजेड अख्ख्या कागदातून पाझरतो आणि सावल्या विरघळतात. आत पांढरा ड्रॉइंग पेपर मागून खाली असा वळवला की कुठे घडी नको. घडी पडली की फोटोत रेघ आलीच.

गल्लीतल्या मंडपवाल्याने 500 वॅटचा हॅलोजन दिला. तो लावला आणि कूलरच्या झोताने बटर पेपर फडफडायला लागला. कूलर बंद केला.

"अहो, कूलर काहून बंद केला?" आतून आवाज.

"दोन मिनिटं."

नागपूरच्या नवतप्यात कूलर बंद करून दोन मिनिटं मागणाऱ्या माणसाकडे बायको कशी पाहते, ते लिहिण्याची सोय नाही. पाचव्या मिनिटाला बटर पेपरला पापड भाजल्यासारखा वास सुटला. हॅलोजन खाल्लेल्या विजेतली बहुतेक उष्णतेतच उडवतो, हे शाळेत शिकलो होतो. कपाळावर प्रथमच शिकलो.

संध्याकाळी बर्डीच्या बाजारात एलईडी बल्ब घ्यायला गेलो. खोक्याचं माप सांगितलं तसा दुकानदार म्हणाला, "कोंबडीची पिल्लं ठेवता का जी?"

"नाही, नंदी."

त्याने पुढे विचारलं नाही. घाईत एक बल्ब 3000 केल्विनचा आला, दुसरा 6500 चा. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप. फोटोत नंदी एका बाजूने हळद लागल्यासारखा पिवळा, दुसऱ्या बाजूने निळसर. पुन्हा बर्डी. सारखे बल्ब लावले, तर पांढरा कागद धुरकट! एवढं पांढरं दिसलं की कॅमेरा घाबरून उजेड कमी करतो, म्हणून एक्स्पोजर मुद्दाम एक पायरी वाढवावं लागतं. वाढवलं.

आणि काय फोटो आला! लाकडाची रेषान्‌रेषा दिसत होती. दादाला पाठवून वर लिहिलं, "बघ, सावलीचा थेंब नाही."

दहा मिनिटांत फोन. "काय बे, डाव्या शिंगाच्या बुडाशी हे करडं काय आहे?"

मला घाम फुटला. कूलर चालू असताना. 1991 च्या तान्ह्या पोळ्याला मी दादाच्या नकळत बाजूच्या पोराच्या नंदीशी ह्याची टक्कर लावली होती. शिंग एम-सीलने चिकटवून वर काळा रंग फासला, आणि तेव्हापासून नंदी कपाटात डावी बाजू भिंतीकडे करून उभा. फोटोच्या नादात साफ विसरलो.

"सावली पडली असेल, दादा."

"सावली? वर काय लिहिलंस ते वाच."