मी म्हणालो, हलवली

सॉफ्टवेअर सहसा अवघड प्रश्न विचारत नाही. विचारलाच, तर न वाचता 'ओके' दाबलं की भागतं, आणि या भरवशावर माझी बरीच वर्षं निघाली आहेत. त्या दिवशी मात्र प्रश्न साधा होता आणि मी धडधडीत खोटं बोललो.

चालू असलेल्या व्हर्च्युअल मशीनसारखीच (म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) दुसरी हवी होती. मी पहिली बंद केली, तिचं आख्खं फोल्डर दुसऱ्या होस्टवर, म्हणजे दुसऱ्या खऱ्या संगणकावर, टाकलं आणि दोन्ही सुरू केल्या. नव्या मशीनने पडद्यावर खिडकी उघडून विचारलं, 'ही मशीन तुम्ही हलवलीत की कॉपी केलीत?' केली होती कॉपीच. पण 'कॉपी केली' असं कबूल करायचा संकोच शाळेपासूनचा. 'हलवली'वर टिचकी मारली. मग आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, बदलला, नाव बदललं, आणि काम इतकं झकास झालंय म्हणून तेच फोल्डर एका सहकाऱ्यालाही देऊन टाकलं.

संध्याकाळी खेळ सुरू झाला. पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या हाकेला, सात उत्तरं यायची, मग चारदा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', मग पुन्हा नऊ उत्तरं. एसएसएचने (दुरून मशीन चालवायची सोय) आत शिरावं, पासवर्ड द्यावा, अर्धी कमांड लिहावी आणि कर्सर जागच्या जागी थिजावा. नेटवर्क पूर्ण मेलेलं परवडतं, निदान कुठून सुरुवात करायची ते कळतं. हे अधूनमधून डोळे उघडत होतं.

मी केबल बदलली. सगळ्या केबल जोडणाऱ्या डब्याचं, स्विचचं, पोर्ट बदललं. फायरवॉल बंद केली. नावावरून आयपी शोधून देणाऱ्या डीएनएसलाही शिव्या घालून झाल्या, पिंग थेट आयपीवर चालू होतं तरी. (डीएनएसला शिव्या घालायला कारण लागत नाही.) गंमत म्हणजे एक मशीन बंद केली की दुसरी गुणी बाळासारखी वागायची. पहिली परत सुरू केली की दोघींचं बिनसायचं. यावरून एखाद्या शहाण्याने काय ते ओळखलं असतं. मी 'लोड येत असेल' असा निष्कर्ष काढून नव्या मशीनची रॅम वाढवली.

रात्री एक वाजता, दुसरं काही सुचेना म्हणून, तिसऱ्या एका मशीनवर 'एआरपी -ए' ही, कुठल्या आयपीमागे कुठलं कार्ड ते दाखवणारी कमांड चालवली. दोन ओळी एकाखाली एक. डावीकडे आयपी वेगवेगळे, त्यांच्याकडे तर मी संध्याकाळपासून अभिमानाने बघत होतो. उजवीकडे मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता. शेवटची दोन अक्षरं सारखी दिसली. योगायोग असेल म्हणून त्याआधीची दोन बघितली. मग पडद्यावर बोट ठेवून बाराच्या बारा अक्षरं वाचली, एकदा वरची, एकदा खालची.

मॅक ॲड्रेस ४८ बिटांचा असतो, म्हणजे साधारण २८१ लाख कोटी पत्ते. त्यातले पहिले २४ बिट आयईईई ही संस्था कंपन्यांना वाटून देते. व्हर्च्युअल कार्डाचा पत्ता सॉफ्टवेअरच ठरवतं. व्हर्च्युअलबॉक्सचा ०८:००:२७ने सुरू होतो, केव्हीएमचा सहसा ५२:५४:००ने. उरलेल्या २४ बिटांतही १,६७,७७,२१६ पत्ते बसतात. एवढा पसारा असताना माझ्या दोन मशीन एकाच पत्त्यावर नांदत होत्या, कारण पत्ता त्या फोल्डरातल्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेला होता आणि 'हलवली' म्हटल्यावर सॉफ्टवेअरने तो तसाच राहू दिला. हलवलेल्या मशीनचा पत्ता कशाला बदलायचा? बरोबरच आहे त्याचं.

बिचारा स्विच काय करणार! कुठला मॅक कुठल्या पोर्टवर, हे तो येणाऱ्या फ्रेमवरून, म्हणजे डेटाच्या पाकिटांवरून, शिकतो. जी शेवटची बोलली, तिच्या पोर्टकडे दोघींचीही डाक. दुसरी बोलली की डाक तिकडे. त्याच्या लॉगमध्ये 'मॅक फ्लॅपिंग'ची तक्रार संध्याकाळपासून दर थोड्या वेळाने पडत होती. ती वाचणारा रॅम वाढवत बसला होता.

उपाय दोन मिनिटांचा. नवीन मशीन बंद केली, सेटिंगमध्ये नवा मॅक तयार करून घेतला, सुरू केली. आता तिला नेटवर्कच नाही! लिनक्स जुनं होतं. त्याच्या यूडेव्हच्या (हार्डवेअरला नावं देणारा भाग) नियमात जुना मॅक म्हणजे 'ईथ-झिरो', पहिलं नेटवर्क कार्ड, असं टिपून ठेवलेलं, त्यामुळे नव्या मॅकचं कार्ड 'ईथ-वन' झालं आणि आयपी ईथ-झिरोच्या नावावर पडून राहिला. तो नियम खोडला, रीबूट केलं, आणि सलग दोनशे पिंग मोजून झोपलो.

सकाळी मूळ मशीन पुन्हा आचके देऊ लागली. मी लॉग उघडतोय तोवर सहकाऱ्याचा फोन.

"अरे, तू दिलेली व्हीएम आत्ताच सुरू केली. नेट येतंय-जातंय. सुरू करताना काहीतरी विचारत होती, मी आपलं 'हलवली' म्हटलं. केबल बदलून बघू का?"

दहा मिनिटांत स्विचचा लॉग वाचून, त्याच्याकडे जाऊन शहाण्यासारखं बोलता आलं असतं.

"हो," मी म्हणालो, "आधी केबलच बघ."