पायरीवरून उतरणारे लोक

‘अरे वा, तुम्हालाही जमतं की हे!’ असं कुणी म्हटलं तर काय करायचं? शिवी असती तर उलट दोन शब्द ऐकवता आले असते. पण हे पडलं कौतुक, त्यामुळे ‘थँक्यू’ म्हणून गिळावं लागतं. त्या ‘ही’मधली मेख आपल्याला कळते घरी गेल्यावर, चप्पल काढताना. या छळासाठी इंग्रजीत खास क्रियापद आहे: कॉन्डिसेंड, म्हणजे समोरच्याला खालचा समजून मोठेपणाने वागणं.

शब्द खोलून पाहू. लॅटिनमध्ये ‘स्कान्देरे’ म्हणजे चढणं. त्याला ‘दे’ जोडलं की उतरणं. त्याच्याही पुढे ‘कोन’, म्हणजे सोबत, किंवा नुसताच जोर द्यायला. झालं ‘कोन्देस्केन्देरे’: आपल्या पायरीवरून दुसऱ्याच्या पायरीवर उतरणं. संस्कृतचा ‘स्कंद्’ धातू याचाच भाऊबंद, अर्थ उडी मारणं. कार्तिकेयाचं नाव त्यातलं. पण ही मंडळी उडी कसली मारतात! कठडा धरून, खालचे बघताहेत ना याची खात्री करत, एकेक पायरी उतरतात.

चौदाव्या शतकात हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि कित्येक शतकं सद्गुण म्हणून मिरवला. देव माणसाच्या पातळीवर येतो, त्यालाही ख्रिस्ती धर्मशास्त्रात हाच शब्द. जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरीत पाद्री कॉलिन्स महाशय आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनच्या कॉन्डिसेन्शनचे गोडवे गातात, अगदी मनापासून, वाचक मात्र हसतो. माझ्या मते शब्द तिथेच घसरायला लागला होता. उतरायला आधी वर असावं लागतं, आणि ‘तुम्हाला वर बसवलं कुणी?’ असं लोक विचारू लागले की औदार्याचा आगाऊपणा होतो.

‘पेट्रनाइज’, म्हणजे वडीलकीचा आव आणून वागणं, हा त्याचा चुलतभाऊ. ‘पातेर’ म्हणजे बाप, त्यावरून ‘पात्रोनुस’, आश्रयदाता. रोममध्ये आश्रित पहाटे टोगा गुंडाळून त्याच्या दारात मुजऱ्याला उभे राहत. मार्शल या रोमन कवीच्या काळी त्याचा मेहनताना शंभर क्वाद्रान्स, म्हणजे चिल्लर नाणी. आपल्याला हल्ली तेही मिळत नाहीत.

वापरताना दोघांत गल्लत होते. पेट्रनाइज थेट कर्म घेतं. कॉन्डिसेंडला मध्ये ‘टु’ लागतो. ‘ही कॉन्डिसेंडेड मी’ चूक. स्पेलिंगमध्ये ‘सी’च्या आधीचा ‘एस’ हमखास गळतो, कारण उच्चारात दोघांचा मिळून एकच ‘स’. यातली एखादी चूक चारचौघांत करून पाहा. दुरुस्त करायला कुणीतरी येईलच. काय सांगतो ते सोडा, सूर तेवढा ऐका.