केसपेपर संगणकावर नेण्याआधी

महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत रुग्णाची सगळी नोंद संगणकावर घ्यावी की नाही, यावरची चर्चा मी दुरून वाचत असतो आणि तिच्यात बहुधा दोनच सूर ऐकू येतात. एका बाजूचे म्हणणे असे की, आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून देशभर सुरू आहे, आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडणारे १४ अंकी आभा क्रमांक कोट्यवधी लोकांनी काढले आहेत, तेव्हा जाड फायली आणि कागदाचे गठ्ठे अजून कशासाठी? दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष वॉर्डात राबणारी माणसे विचारतात की, जिथे रात्रपाळीला एकाच सिस्टरवर अख्खा वॉर्ड सोपवलेला असतो, तिथे कीबोर्डपाशी बसायचे कोणी? दाखला देताना दोन्ही बाजू परदेशाचे नाव घेतात. मी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतल्या एका रुग्णालयात डॉक्टर आहे, आणि इथला अनुभव या दोघांपैकी कुणाच्याच बाजूने सरळ साक्ष देत नाही.

इंग्लंडने २००२ मध्ये देशभरातल्या रुग्णालयांसाठी एक प्रचंड संगणकीकरण कार्यक्रम हाती घेतला. मोठ्या कंपन्यांशी केंद्रातूनच करार झाले आणि ज्यांना त्या प्रणाली रोज वापरायच्या होत्या त्या डॉक्टर-परिचारिकांना फारसे कुणी विचारले नाही. अब्जावधी पौंड खर्ची पडल्यावर, २०११ मध्ये, तो कार्यक्रम गुंडाळत असल्याचे सरकारने जाहीर केले. याच देशातले फॅमिली डॉक्टर मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९९०च्या दशकातच, संगणकावर नोंदी ठेवू लागले होते. त्यांनी आपापल्या दवाखान्याला पेलेल अशी प्रणाली स्वतः निवडली आणि सरकारने खर्चाचा काही भाग उचलला. पैसा, तंत्रज्ञान आणि मनुष्यबळ आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असलेल्या देशातही वरून लादलेली प्रणाली कोलमडली आणि कामाच्या गरजेतून आलेली टिकली, ही गोष्ट मला आपल्याकडच्या वादात सर्वांत महत्त्वाची वाटते.

फायदा होतो का? निश्चित होतो. औषधे वाटताना परिचारिका रुग्णाच्या मनगटावरची पट्टी स्कॅन करते आणि त्याला पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तो इशारा डोस देण्याआधीच पडद्यावर येतो. रक्ताचा रिपोर्ट शोधायला कुणाला प्रयोगशाळेत पळावे लागत नाही. पण या सोयीची किंमत वेळात मोजावी लागते. राउंड संपल्यावर कनिष्ठ डॉक्टर तासन् तास पडद्यासमोर असतात, घाईत कालची नोंद आज जशीच्या तशी चिकटवली जाते, आणि इशारे इतके येतात की वाचण्याआधीच बंद करण्याची सवय जडते. शिवाय प्रणाली बंद पडण्याची तयारी इथे गृहीतच धरलेली असते. आमच्या वॉर्डात कोऱ्या छापील तक्त्यांचा एक खोका कायम भरलेला असतो आणि तो कुठे आहे हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दाखवतात. मे २०१७ मधल्या सायबर हल्ल्याने इंग्लंडमध्ये किमान ८० रुग्णालय-न्यासांचे (रुग्णालये चालवणाऱ्या सरकारी संस्थांचे) काम विस्कळीत केले, तेव्हा अशा कागदांनीच कितीतरी ठिकाणी दिवस निभावले.

आपल्याकडे हा धोका नवा राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे तिथले काम हाताने चालले. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली एचएमआयएस ही रुग्णनोंदींची संगणक प्रणाली बंद झाली आणि हाताने लिहिलेले केसपेपर परत आले. ६७ देशांमधल्या तपासणीच्या वेळेचा आढावा घेणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातल्या प्राथमिक सेवेतल्या डॉक्टरला एका रुग्णासाठी मिळणारा वेळ जेमतेम दोन मिनिटांच्या आसपास होता. या दोन मिनिटांत निवासी डॉक्टरने लॉगिन करायचे, यादीतून निदान निवडायचे आणि टंकायचे, असे आपण म्हणत असू तर त्याने रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचा कधी, हेही आपणच सांगायला हवे.

म्हणून माझे मत असे आहे की, संगणकीकरण करावेच, पण ओपीडीतल्या डॉक्टरच्या टिपणापासून सुरुवात करू नये. आधी नोंदणी आणि रुग्णाचा एकच क्रमांक, मग प्रयोगशाळेचे रिपोर्ट, मग औषध भांडार, आणि त्यानंतर डिस्चार्ज कार्ड. या चार ठिकाणी एकदा टंकलेली माहिती अनेकांना अनेकदा उपयोगी पडते आणि टंकण्याचे काम डॉक्टर-परिचारिकांकडून काढून प्रशिक्षित ऑपरेटरकडे देता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयात आणि तिथून वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलेला रुग्ण सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सांभाळून आणतो. तिन्ही ठिकाणांच्या प्रणाली एकमेकींशी खरोखर बोलू लागेपर्यंत ती पिशवी त्याच्या हातातून काढून घेऊ नये, छापील प्रत त्याला द्यावीच.

कमी साधनांत हे जमत नाही, असेही नाही. छत्तीसगडमधल्या गनियारी इथे ग्रामीण रुग्णांसाठी रुग्णालय चालवणाऱ्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेसाठी बहमनी ही रुग्णनोंदींची मुक्त-स्रोत, म्हणजे कुणालाही फुकट वापरता आणि बदलता येणारी, प्रणाली प्रथम विकसित झाली. ती ओपनएमआरएस या आफ्रिकेतल्या दवाखान्यांत रुळलेल्या प्रणालीवर उभी आहे आणि आज अनेक देशांत वापरली जाते. परवान्याचे शुल्क नाही, आणि कंत्राटदार बदलला तरी प्रणाली हातची जात नाही.

पुढची निविदा निघेल तेव्हा तिच्यात संगणकांची संख्या किती आहे, याआधी मी तीन गोष्टी शोधेन: ऑपरेटरच्या पगाराची किमान पाच वर्षांची तरतूद, करार संपल्यावर सगळी माहिती केंद्र सरकारच्या २०१६च्या आरोग्य-नोंद मानकांनुसार रुग्णालयाच्या ताब्यात देण्याची अट, आणि वीज किंवा सर्व्हर गेल्यावर वॉर्डात काय करायचे याचा लेखी आराखडा. यांपैकी एक जरी कलम नसेल तर त्या रुग्णालयाच्या अधीक्षकांनी निविदेवर सही करण्याआधी ती परत पाठवावी.