पियानोच्या पायांना कपडे आणि बाकीच्या थापा

‘व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्रज बायका दिवसभर घरात बसून भरतकाम करत, कंबर बारीक दिसावी म्हणून बरगड्या काढून घेत, लाजेपायी पियानोच्या पायांनाही कपडे घालत, पण नवरा सगळा खर्च उचलायचा!’ असा एक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय.

पियानोचं आधी उरकून टाकू. ही गोष्ट फ्रेडरिक मॅरियट या इंग्रज लेखकाने १८३९ साली छापली, तीही अमेरिकेतल्या मुलींच्या शाळेबद्दल. दुसऱ्याची उडवलेली टर इंग्रजांच्याच गळ्यात पडली. बरगड्या काढल्याचा धड पुरावा नाही. कॉर्सेट, म्हणजे कंबर दाबणारं घट्ट अंतर्वस्त्र, आवळत, हे खरं. पण ब्रिटिश सर्जन लिस्टरची शस्त्रक्रियेतली जंतुनाशक पद्धत आली १८६७ मध्ये. त्याआधी साधी शस्त्रक्रिया जिवावर बेतायची, तिथे फॅशनपायी छाती कोण उघडून घेणार?

आता ‘घरात बसून’. कोणाच्या घरात? १८९१ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये दहा लाखांहून जास्त बायका-मुली दुसऱ्यांच्या घरी मोलकरणी होत्या. पहाटे उठून शेगड्यांतली राख काढायची, जाळ्या काळ्या पॉलिशने घासायच्या, कोळशाच्या बादल्या आणि गरम पाणी जिने चढून वर न्यायचं. मालकीण भरतकाम करू शकायची ती या जिवावर. लंडनच्या बो भागातल्या काडेपेटी कारखान्यात तर पांढऱ्या फॉस्फरसने जबडे सडत, वर क्षुल्लक कारणांसाठी दंड कापला जाई. १८८८ मध्ये तिथल्या सुमारे १,४०० बायका-मुलींनी संप केला आणि दंड बंद करून घेतले.

नवऱ्याच्या खर्चाबद्दल काय बोलावं! १८७० पर्यंत लग्न झालेल्या इंग्रज बाईची कमाईच कायद्याने नवऱ्याची होती. स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क मिळाला १८८२ च्या कायद्याने.

बायकोला नवऱ्याच्या ताब्यात ठेवणाऱ्या अशाच इंग्रजी कायद्याची एक शाखा मुंबईतही पोचली होती. नांदायला न आलेल्या बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने १८८४ मध्ये रद्द केली. पण त्यानंतरही १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. ‘कैद चालेल’ ही रखमाबाईंची भूमिका. अखेर १८८८ मध्ये त्यांचे नवरे दादाजी यांनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. पुढच्या वर्षी रखमाबाई डॉक्टरकी शिकायला लंडनला गेल्या, बायकांनीच झगडून १८७४ मध्ये उभ्या केलेल्या मेडिकल स्कूलमध्ये.