फक्त ‘चरबी’च छाटली?

ब्रिटनबद्दल एक दावा वरचेवर फिरतो: 2008 च्या आर्थिक संकटानंतर तिथल्या सरकारने 2010 पासून शहाण्या कुटुंबासारखा खर्च आवळला, नोकरशाहीची चरबी छाटली, भार सगळ्यांनी सारखा उचलला, आणि ज्या स्थानिक परिषदा (आपल्याकडच्या महापालिकांसारख्या संस्था) पुढे बुडाल्या त्या स्वतःच्याच मूर्खपणाने. इंग्लंडच्या परिषदांचे हिशेब पाहिले तर यातलं फार थोडं टिकतं.

चरबीचं आधी. राष्ट्रीय लेखापरीक्षकांच्या 2018 च्या अहवालानुसार 2010-11 ते 2017-18 या काळात परिषदांना केंद्राकडून मिळणारा निधी, महागाई वजा करता, 49.1 टक्क्यांनी घटला. वृद्धांची देखभाल आणि संकटातल्या मुलांचं संरक्षण ही कायद्याने बांधलेली कामं. ती टाळता येत नाहीत. म्हणून कुऱ्हाड पडली ती ग्रंथालयं, युवा केंद्रं, अनुदानित बसफेऱ्या आणि रस्तेदुरुस्तीवर. नोकरशाही कमी झाली हे खरं, पण एवढी रक्कम नुसत्या कारकुनांच्या पगारातून निघत नाही.

‘भार सारखा’ हे तर सरळ चूक. कौन्सिल टॅक्स, म्हणजे परिषदेचा घरांवरचा कर, घरांच्या 1991 च्या किमतींवर ठरतो. सर्वात खालच्या ‘ए’ गटातलं घर मधल्या ‘डी’ गटाच्या दोन तृतीयांश कर भरतं, सर्वात वरचं ‘एच’ दुप्पट. गरीब शहरात ‘ए’ गटाची घरं जास्त, म्हणून कराचं उत्पन्न कमी आणि अनुदानावरची भिस्त मोठी. अनुदान कापलं की अशा शहराच्या एकूण अंदाजपत्रकाचा मोठा लचका तुटतो. श्रीमंत परगण्याला तेवढी झळ लागत नाही. कर वाढवून भरपाई करावी, तर 2012 पासून ठरावीक टक्क्यांपलीकडच्या वाढीला स्थानिक सार्वमत लागतं.

माणसापर्यंत हे कसं पोचलं? एप्रिल 2013 मध्ये गरिबांना कौन्सिल टॅक्समध्ये सवलत देण्याची योजना परिषदांवर सोपवली गेली, निधी 10 टक्के कापून. निवृत्तांची सवलत मात्र कमी करायला मनाई. मग सगळी कपात कामाच्या वयातल्या गरिबांवर, आणि आधी शून्य कर भरणाऱ्या अनेकांच्या हातात बिल. काही कपाती कुणी जाहीरही केल्या नाहीत. वृद्धाश्रमाच्या खर्चात सरकारी मदत मिळायची तर मालमत्ता 23,250 पौंडांच्या आत हवी. हा आकडा 2010 पासून तिथेच ठेवला. महागाईने कात्री आपोआप चालवली.

कुटुंबाची उपमाही इथे जुळत नाही. अडचणीतलं कुटुंब उसनवारी करून महिना काढतं. परिषदेला दैनंदिन खर्चासाठी कर्ज काढता येत नाही; कर्ज फक्त भांडवली कामांना. ताळमेळ बसत नसेल तर मुख्य वित्त अधिकारी 1988 च्या कायद्याच्या कलम 114 खाली नोटीस काढतो: नवा खर्च थांबतो, 21 दिवसांत परिषदेने बैठक घ्यायची.

मूर्खपणाच्या आरोपात मात्र तथ्य आहे. वोकिंग परिषदेने उंच इमारतींसाठी आवाक्याबाहेर कर्ज काढलं, थरॉकने सौर ऊर्जेच्या गुंतवणुकीत हात पोळून घेतले. नॉर्थॅम्प्टनशायरने वर्षानुवर्षं कर गोठवला आणि 2018 मध्ये नोटीस काढायची वेळ आणली. पण ज्या परिषदांचं अनुदान आटत होतं, त्यांना ‘उत्पन्नाचे नवे मार्ग शोधा’ हा सल्लाही लंडनहूनच मिळत होता, आणि अशा खरेद्यांसाठी स्वस्त कर्ज देणारं खातंही सरकारचंच होतं. नुसत्या उत्पन्नासाठी मालमत्ता विकत घेण्यावर त्या खात्याने बंदी घातली ती 2020 च्या अखेरीस.