शीर्षक जिंका, सामना कोणीही जिंकू दे

अमेरिकन फुटबॉलच्या एखाद्या ऐतिहासिक सामन्यावर इंग्रजी विकिपीडियात लेख लिहायचं मनात आलंय? उत्तम. तीन तासांच्या त्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम अकरा मिनिटं. बाकीचा वेळ माणसं घोळका करून आता पुढे काय करायचं ते बोलत असतात. तुम्हालाही तेच करायचंय, तेव्हा खेळ कळत नसला तरी काही अडत नाही.

सुरुवात नावापासून. नवशिके वर्ष, संघ आणि स्पर्धा लिहून मोकळे होतात, जन्मदाखला भरल्यासारखे. असल्या शीर्षकावर कोण भांडणार? नाव असं हवं की निम्म्या लोकांना झोंबलं पाहिजे. ३ जानेवारी १९९३ चा सामना घ्या. बफेलो बिल्स ३–३५ असे मागे पडले होते आणि तिथून त्यांनी ह्यूस्टन ऑइलर्सविरुद्ध सामना ४१–३८ असा काढला. बफेलोत या सामन्याला म्हणतात 'द कमबॅक'. ह्यूस्टनमध्ये म्हणतात 'द चोक', म्हणजे ऐन वेळी हातपाय गाळणं. तुम्ही मुकाट्याने जिंकणाऱ्याचं नाव उचलायचं आणि वर 'तटस्थता' म्हणून सांगायचं. कोणी हरकत घेतली तर 'प्रचलित नाव' या नियमाकडे बोट दाखवा. प्रचलित म्हणजे कुठल्या गावात, असं विचारणारा ह्यूस्टनचाच असणार, म्हणजे पक्षपाती.

यातला 'द' फार मोलाचा. मराठीत ही सोय नाही. आपण फार तर 'तो झेल' म्हणून भुवया उडवणार. इंग्रजीत 'द' लावला की जगातले बाकीचे सगळे झेल बाद. १० जानेवारी १९८२ ला ड्वाइट क्लार्कने डॅलसविरुद्ध घेतलेला झेल म्हणजे 'द कॅच'. अडचण एवढीच की बेसबॉलवाल्यांनी विली मेझचा १९५४ चा झेल याच नावाने आधीच नोंदवून ठेवलाय. मग लागतो कंस, आणि कंसात खेळाचं नाव. एकमेवाद्वितीय घटनेला कंस लावताना हात थरथरू देऊ नका.

क्लीव्हलंडच्या वाट्याला असे दोन 'द' आले. जानेवारी १९८७ मध्ये जॉन एल्वेने ९८ यार्ड चाल करून डेन्व्हरला बरोबरीत आणलं आणि पुढे डेन्व्हर जिंकलं, ती 'द ड्राइव्ह'. वर्षभराने, पुन्हा डेन्व्हरविरुद्धच, क्लीव्हलंडच्या अर्नेस्ट बायनरच्या हातून गोलरेषेच्या तोंडाशी चेंडू निसटला, तो 'द फंबल'. दोन्ही लेखांत एकमेकांचे दुवे अवश्य द्या. क्लीव्हलंडच्या माणसाला एका दुःखातून दुसऱ्यात जायला एक टिचकी पुरली पाहिजे.

नाव सुचतच नसेल तर 'गेम ऑफ द सेंच्युरी' आहेच. विसाव्या शतकात हा किताब १९३५, १९४६, १९६६, १९६९ आणि १९७१ च्या सामन्यांना मिळाला, यादी अजूनही पुढे जाते. त्यातला १९४६ चा आर्मी–नोत्र दाम सामना ०–० संपला, तर १९६६ चा नोत्र दाम–मिशिगन स्टेट १०–१०. शतकातला सामना आणि निकाल नाही! शतक मात्र एकच होतं, याचा संदर्भ कोणी मागत नाही.

आता संदर्भ. वर्तमानपत्रात छापून आलं की झालं. १९४१ मध्ये मॉरिस न्यूबर्गर नावाच्या शेअर दलालाने न्यू जर्सीतल्या 'प्लेनफील्ड टीचर्स' या कॉलेजचे निकाल फोन करून वर्तमानपत्रांना कळवायला सुरुवात केली. न्यूयॉर्क टाइम्सने छापले, हेरल्ड ट्रिब्यूननेही छापले. संघ अजिंक्य. जॉनी चंग हा त्यांचा हुकमी खेळाडू सामना चालू असताना भात खाऊन ताकद मिळवायचा म्हणे. (आमच्याकडे भात खाल्ला की माणूस आडवा होतो.) खोट इतकीच की असं कॉलेज नव्हतं, संघ नव्हता आणि चंगही नव्हता. टाइम साप्ताहिकाला सुगावा लागल्यावर न्यूबर्गरने शेवटचं पत्रक काढलं: चंगसह बरेच खेळाडू परीक्षेत नापास, सबब उरलेले सामने रद्द. तोवर दोन दोन छापील स्रोत झाले होते. याहून जास्त तर तुमच्याकडेही कोणी मागणार नाही.

छापील मजकुरापुढे गणितही चालवू नका. २३ नोव्हेंबर १९६८ ला हार्वर्डने शेवटच्या ४२ सेकंदांत १६ गुण करून येलला २९–२९ असं गाठलं. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र 'क्रिमझन'ने मथळा दिला: हार्वर्डने येलला हरवलं, २९–२९. दोन्ही आकडे सारखे आहेत हे तुमच्या लक्षात आलं तर ते तुमचं स्वतःचं संशोधन झालं, आणि विकिपीडियावर स्वतःच्या संशोधनाला बंदी आहे.

छापीलच काही सापडत नसेल तर धीर धरा. वाक्य बिनसंदर्भ टाकून ठेवा. वर्ष-सहा महिन्यांत घाईतला एखादा वार्ताहर ते उचलेल. मग त्याची बातमी संदर्भ म्हणून लावायची.

तरीही मन भरलं नाही, तर स्टॅनफर्डकडून शिका. २० नोव्हेंबर १९८२, बर्कली. चार सेकंद उरलेले आणि स्टॅनफर्ड २०–१९ ने पुढे. कॅलच्या, म्हणजे बर्कलीतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, पोरांनी चेंडू पाच वेळा एकमेकांकडे फेकत पळवला. सामना संपला असं समजून स्टॅनफर्डचा बँड केव्हाच मैदानात शिरला होता. त्यातून वाट काढत केविन मोएन गोलरेषेपलीकडे गेला आणि थेट ट्रोम्बोनवाल्यावर जाऊन आदळला. कॅल २५, स्टॅनफर्ड २०. हा झाला 'द प्ले'. चार दिवसांनी बर्कलीत तिथल्याच विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा जादा अंक वाटला गेला: वरिष्ठांनी सामना स्टॅनफर्डला बहाल केला! अंक हुबेहूब, फक्त काढला होता स्टॅनफर्डच्या पोरांनी.

या दोन विद्यापीठांत जिंकणाऱ्याला एक कुऱ्हाड मिळते आणि तिच्या पाटीवर सगळ्या सामन्यांचे निकाल असतात. कुऱ्हाड स्टॅनफर्डकडे आली की १९८२ समोरचा निकाल बदलून स्टॅनफर्ड २०, कॅल १९ होतो. कॅलकडे परत गेली की पुन्हा २५–२०. लेखात पाटीचं छायाचित्र लावणार असाल तर आधी कुऱ्हाड सध्या कोणाकडे आहे तेवढं विचारून घ्या.